मशीननं अण्णांना विचारलं

मार्च लागला की पडेगावात दोन गोष्टी नेमानं होतात. नळाला पाणी यायचा वार पुढं सरकतो आणि पोरं पाठ करायला लागतात. दोन्हींचा मला सारखाच वैताग येतो. माझी भाची प्रणिता, धाकट्या भावाची मुलगी, आमच्याकडं राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. परवा पाण्याचा वार होता. मी ड्रममध्ये पाइप धरून उभी, आणि ही जिन्याच्या पायरीवर बसून प्रोग्रॅम पाठ करतेय. हो, पाठ. डोळे मिटून, पुढं-मागं डुलत, कंस उघडा, कंस पूर्ण, अर्धविराम. मी म्हटलं, अगं, हा प्रोग्रॅम करतो तरी काय? तर म्हणे सरांनी बारा प्रोग्रॅमची यादी दिलीय, परीक्षेत चिठ्ठी उचलायची, जो येईल तो उतरवून द्यायचा. मी म्हटलं, तो काय करतो ते विचारतेय मी.

"आत्या, मला समजून नाय घ्यायचं. मला पास व्हायचंय."

माझं डोकंच फिरलं. इतकं बोलले, इतकं बोलले, की ड्रम भरून पाणी अंगणभर झालं आणि शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावायला लागल्या. प्रणिता वही उचलून आत गेली. पाणी वाया गेल्याचं वाईट जास्त वाटलं की बोलल्याचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हा मोसमच तसला आहे. लिंबाचा वाळका पाला अंगणात घरंगळत असतो, दौलताबाद रोडवरून गरम धूळ येते, पंख्याखाली बसलं तरी पाठ खुर्चीला चिकटते. अशात मला नेमका तो एक उन्हाळा आठवतो, दहावीची परीक्षा दिल्यानंतरचा. आठवतो म्हणजे काय, अंगावरच येतो. लोकांना आपलं बालपण आठवलं की गोड वाटतं म्हणे. मला चिडचिड होते.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या शाळेला त्या वर्षी कुठल्याशा योजनेतनं एक कॉम्प्युटर मिळाला होता. घरी वापरायच्या जातीचा, लहानसा. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं मशीन, आणि मागनं एक वायर निघून मुख्याध्यापकांच्या खोलीतनं उचलून आणलेल्या टीव्हीला लावलेली. आत ना चित्रं, ना गाणी. बटण दाबलं की पडद्यावर एक ओळ यायची आणि तिच्याखाली एक चौकोनी ठिपका लुकलुकत उभा राहायचा. म्हणजे, बोला. त्याला एकच भाषा येत होती, बेसिक, आणि ती कारखान्यातनंच त्याच्यात बसवून आलेली. नवशिक्यांसाठीच केलेली भाषा आहे, कुणालाही येते, असं साळवे सर सांगायचे. साळवे सर आमचे गणिताचे सर. कुठंतरी दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि शाळेत कॉम्प्युटरचे सर झाले.

सुट्टीत त्यांनी वर्ग काढला. आम्ही वीस-बावीस पोरं आणि मशीन एक. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि मशीनवर मुख्याध्यापकांच्या बायकोनं शिवलेलं झालरीचं कापड. आठवड्यातनं प्रत्येकाला दहा मिनिटं. बाकी सगळं वहीत. घरी वहीत प्रोग्रॅम लिहायचा, सरांनी लाल पेनानं तपासायचा, ते बरोबर म्हणाले तरच कीबोर्डाला बोट लावायचं. सायकल शिकायला आलेल्याला आठवडाभर सायकलचं चित्र काढायला लावावं, तसला प्रकार. पण मी कुरकुर केली नाही. पडेगावातनं रोज सिटी बसनं यायचे, उभ्यानं, वही छातीशी धरून.

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. मी कागद वाचवायला एक, दोन, तीन असे दिले. मग दोन आणि तीनच्या मध्ये एक ओळ घालायची राहिली. आता काय करायचं? आमच्या घरात सातबारा पाहिलेला. जमिनीचे हिस्से पडले की गट नंबरला टिंब देऊन नाहीतर तिरपी रेघ मारून हिस्सा लिहितात, तशी मी बिनधास्त दोन तिरपी रेघ एक अशी ओळ लिहिली. सर वर्गासमोर पोट धरून हसले. म्हणाले, मंदा, हे तलाठी कार्यालय नाय. मग सांगितलं की नंबर दहा, वीस, तीस असे द्यायचे, मध्ये जागा ठेवायची. हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन वह्या मी पुन्हा उतरवून काढल्या.

आणि ते सिंटॅक्स एरर! आठवडाभर घोकलेलं, दहा मिनिटांत घाईघाईनं टाइप केलेलं, एकेक अक्षर शोधत, कारण त्या कीबोर्डावर अक्षरं कुणी कुठंही फेकल्यासारखी, आणि शेवटी मशीन म्हणणार सिंटॅक्स एरर. चुकलंय. काय चुकलंय? ते सांगणार नाही. जाऊबाई रुसल्यावर जशा भांडी आपटतात आणि कारण विचारलं की काही नाही म्हणतात, तसं. कधी सगळं जमून यायचं आणि लाइट जायची. लाइट गेली की मशीन सगळं विसरायचं. प्रोग्रॅम टेपच्या कॅसेटवर उतरवून ठेवता येतो असं सर म्हणायचे, पण टेप सरांच्या मेव्हण्याकडं होता. तो शेवटपर्यंत आला नाही.

आता वाळूजला कंपनीच्या स्टोअरमध्ये मी दिवसभर कॉम्प्युटरपुढंच असते. तिथलं मशीन काही विसरत नाही, विसरते ती मीच, पासवर्ड. महिना झाला की बदला, जुना चालणार नाही, एक आकडा हवा, एक मोठं अक्षर हवं. परवा एका साइटनं मला विचारलं की तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. मी यंत्र नाही हे यंत्राला पटवायचं, तेही नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखून. एकदा चुकलं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, मॅडम, द्या मी करतो. मी म्हटलं, नको, मी माझी मीच सिद्ध करते.

मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्या उन्हाळ्यात मी हे सगळं सोसत होते ते एका सहीसाठी. मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिथं कॉम्प्युटरचा डिप्लोमा नवीनच निघाला होता. फॉर्म आणून मी प्रोग्रॅमच्या वहीत ठेवला होता, सगळा भरलेला, फक्त पालकाची सही नव्हती. पालक म्हणजे अण्णा, माझे वडील. आमचं घर मेंढपाळाचं. काका वाळूजला कंपनीत लागले, अण्णा मात्र मेंढरांतनं निघाले नाहीत. पडेगावच्या पलीकडं तेव्हा सगळा माळच होता, सकाळी मेंढरं घेऊन निघायचे ते दिवस कलला की परत. काका म्हणत होते, पोरीला डी.एड.ला घाला, मास्तरीण होईल. आई म्हणत होती, दहावी झाली तेच लई झालं. अण्णा काहीच म्हणत नव्हते. मी फॉर्म पुढं केला तेव्हा त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, ते मशीन काय करतं ते एकदा दाव मला, मग बघू. साळवे सरांनी वर्गाच्या शेवटी पालकांना बोलावलं होतं, एका शनिवारी. फॉर्म द्यायची शेवटची तारीख त्याच्या पुढचा सोमवार. बस, माझा जीव त्या शनिवारावर टांगला गेला.

मग मी डोकं चालवलं. इतर पोरं पाढे छापत होती, नावं तिरपी नाचवत होती. मी ठरवलं, अण्णांच्या कामाचं काहीतरी करायचं. प्रोग्रॅम विचारणार, मेंढरं किती. अण्णा सांगणार. मग मशीन पुढच्या पाच वर्षांत कोकरं किती होतील, कळप केवढा होईल, ते एकाखाली एक दाखवणार. सरांनी लाल पेनानं उत्तम लिहिलं. त्या शेऱ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

आणि आता कबूल करते. मला माहीत होतं. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. आकडा तोंडातनं काढत नाहीत. काढला की नजर लागते, कळप तुटतो, असं मानतात. लस टोचायला सरकारी माणूस आला आणि किती विचारलं तरी अण्णा म्हणायचे, हायेत, टोचा. हे मी पाळण्यातनं ऐकत आलेले. तरी मी तो प्रश्न लिहिला. वहीत आकड्याच्या जागी नुसतं ए हे अक्षर होतं, म्हणून असेल. किंवा मला वाटलं असेल की शाळेत, खुर्चीवर, शिकलेल्या लोकांत बसल्यावर अण्णा सांगतील. दुसरंच खरं असावं. सोळाव्या वर्षी मला माझा बाप शहरात आणून थोडा दुरुस्त करायचा होता.

शनिवारी अण्णा आले. मेंढरं काकांच्या पोराकडं सोपवून, धुतलेला पटका बांधून. काठी बाहेर भिंतीला लावली, चपला काढल्या, कुणी न सांगता हौदावर हात धुतले आणि पुढच्या बाकावर बसले. लाइट होती. आधी एका पोराचा पाढ्यांचा प्रोग्रॅम झाला, सतराचा पाढा सरसर खाली आला, लोकांनी वा वा केली. अण्णाही पुढं वाकून बघत होते, मला दिसलं. मग सरांनी माझं नाव घेतलं. अण्णांना मशीनजवळच्या खुर्चीत बसवलं. मी प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आमची मराठी उमटली, मेंढरं किती, आणि पुढं प्रश्नचिन्ह. सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

अण्णा म्हणाले, "हायेत."

सर हसले. म्हणाले, आकडा सांगा, दादा, मशीनला आकडा लागतो. अण्णा म्हणाले, हायेत की लई, खंडोबाच्या दयेनं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांना गंमत सुचली. मला म्हणाले, टाक बघू तसंच. मला नाही म्हणता आलं नाही. मी लई म्हणून एल, ए, आय दाबलं. मशीननं तिथल्या तिथं उत्तर दिलं, रीडू फ्रॉम स्टार्ट. सरांनी तेही वाचलं आणि अर्थ सांगितला, पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणतंय. अण्णा म्हणाले, सांगितलं की. आता सगळा वर्गच हसला. पाढेवाल्या पोराची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

माझे कान तापले. अण्णांचा राग आला, खोटं कशाला बोलू, सरांचा नाही आला, हसणाऱ्यांचा नाही आला, अण्णांचाच आला. एक आकडा. शंभर म्हणा, पन्नास म्हणा. मी खाली वाकून दातओठ खात त्यांच्या कानात म्हटलं, "अण्णा, कायबी सांगा. खोटं सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठले, बाहेर गेले, चपला घातल्या, काठी घेतली. पडद्यावरचं प्रश्नचिन्ह तसंच होतं. सरांनी एक बटण दाबून प्रोग्रॅम थांबवला आणि पुढच्या पोराचं नाव घेतलं. मी बाहेर आले तेव्हा अण्णा बस स्टॉपवर उभे होते, माझ्यासाठी थांबलेले.

त्या दिवसाचा राग इतकी वर्षं झाली तरी उतरत नाही. आधी वाटायचं मशीनचा आहे. किती मठ्ठ मशीन, माणूस लई म्हणतो आणि त्याला कळत नाही. मग सरांचा वाटला. पुढं पॉलिटेक्निकला हे सगळं रीतसर शिकल्यावर स्वतःचा वाटला. हो, मी गेले पॉलिटेक्निकला, ते कसं ते येतंच आहे. प्रणिताला मात्र हे मी कधी सांगितलेलं नाही. तिला मी फक्त एवढंच ऐकवते की आमच्या वेळी आठवड्याला दहा मिनिटं मिळायची, आणि तुमच्या हातात चोवीस तास फोन आहे. ती ऐकून घेते. परवाच्या बोलण्यानंतर दोन दिवस झाले, ती माझ्याशी हूं आणि नाय यापलीकडं बोलत नाही. जेवताना ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. तिचा फॉर्म मी भरला होता. कॉलेज मी निवडलं, शाखा मी निवडली, तिच्या बापानं आत्या म्हणेल तसं म्हणून सही केली. तिला विचारलं होतं का मी? विचारलं असेल. आठवत नाही.

तर त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दिवस कलता मी वही घेऊन वाडग्याजवळच्या दगडावर बसले होते. वाडगं म्हणजे काट्यांचं कुंपण घालून केलेली मेंढरांची जागा. अण्णा तोंडाशी उभे राहून एकेक मेंढरू आत सोडत होते. मी हे रोज बघायचे, पण त्या दिवशी कान देऊन बघितलं. ते मोजत नव्हते. नावं घेत होते, पुटपुटत. भुरी, बांडी, तिचं कोकरू, मोरी, लंगडी. सगळी आत गेली आणि ते थांबले. म्हणाले, कानतुटी कुठं ऱ्हायली? आणि काठी घेऊन ओढ्याकडं गेले. थोड्या वेळानं कानतुटीला हाकत घेऊन आले.

मी कपाळावर हात मारून घेतला. बेसिकमध्ये आकड्यासाठी नुसतं अक्षर लिहितात, ए. पण त्या ए-पुढं डॉलरचं चिन्ह काढलं की मशीन आकडा मागत नाही, शब्द घेतं. नाव घेतं. दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं सरांनी. सकाळी गेलेली नावं भरायची, संध्याकाळी आलेली भरायची, कोण राहिलं ते मशीन सांगेल. मोजायचा प्रश्नच नाही. एक चिन्ह, आणि शनिवार वाचला असता. शाळा बंद, मशीन कुलपात, सोमवार उद्यावर. चिडून मी तिथंच प्रोग्रॅम लिहिला आणि अण्णांना म्हटलं, आता मीच मशीन आहे, तुम्ही नावं सांगा. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. पण नावं सांगायला लागले. मी लिहीत गेले. मग म्हटलं, आता संध्याकाळची सांगा आणि एक मुद्दाम गाळा. त्यांनी सांगितली. मी एकेक नावावर रेघ मारत गेले आणि म्हटलं, मोरी आली नाय.

अण्णा पहिल्यांदा थोडे हसले. म्हणाले, "बराबर हाय. पण हे तर मला येतंच की. त्याला मशीन कशाला?"

दोन महिने, तीन वह्या, उभ्यानं केलेले बसचे प्रवास, आणि शेवटी हा प्रश्न. संताप झाला, रडू आलं, दोन्ही एकदम. मी वही फेकली आणि बोलून गेले.

"मेंढरांसाठी नकोच आहे ते, अण्णा. मला पायजे. मला ते आवडतं. मला तिथं शिकायला जायचंय."

अण्णांनी खाली वाकून वही उचलली, मातीत पडलेली, तिच्यातनं फॉर्म बाहेर आला होता तोही उचलला. धूळ झटकली. पेन मागितलं. दगडावर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली, त्यांची सही म्हणजे सावकाश एकेक अक्षर जोडत लिहिलेलं पूर्ण नाव. वेळ लागला. लिहून झाल्यावर फॉर्म माझ्या हातात देत म्हणाले, "तुला पायजे होतं, एवढंच होतं. तर मला त्या लोकांपुढं कामून बसवलं, मंदे?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. फॉर्म चुरगळू नये म्हणून मी तो वहीत नीट घालत होते.